टोचणाऱ्या लोकरीचं जाकीट

नागपुरात स्वेटरचा धंदा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "मग उन्हाळ्यात काय करता?" उन्हाळ्यातच तर करतो. शाळेचे स्वेटर मे-जूनपासून विणून ठेवले नाहीत तर दिवाळीनंतर तोंडाला फेस येतो. आणि थंडीचं म्हणाल, तर २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दोनच महिने असते, पण हाडात शिरते.

आमचा कारखाना म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या घराचा खालचा मजला. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, हातमशीनवर सुरू केलेलं काम. माल सगळा ॲक्रिलिकचा, धागा लुधियान्याचा. मरून, बॉटल ग्रीन, नेव्ही ब्लू, व्ही गळा, छातीवर शाळेचा बिल्ला. सासूबाईंकडे शिलाई आणि काज-बटण, नवऱ्याकडे बाहेरची धावपळ, माझ्याकडे हिशेब. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि आमची शाळांची ऑर्डर बुडाली. पुढचा हिवाळाही तसाच गेला. मशीनवर चादरी टाकून ठेवलेल्या, कारागीर गावी गेलेले, आणि घरात चार माणसं एकमेकांची तोंडं बघत बसलेली. लोकरीचं खूळ त्या दिवसांतलं. एरवी कोणाला सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी बाबांनी करू दिलं नसतं.

उमरेड रोडने जा, हिंगण्याकडे जा, काटोलच्या वाटेने जा, पिकं निघालेल्या वावरांत मेंढ्यांचे कळप दिसतात. सोबत उंट, उंटाच्या पाठीवर बाज आणि बाजेवर सगळा संसार. हे कच्छकडचे रबारी. यातली बरीच कुटुंबं कितीतरी वर्षांपासून विदर्भातच फिरतात. शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन वावरात मेंढ्या बसवून घेतो, कारण लेंडीखतासारखं खत नाही. रबाऱ्याची कमाई या खतावर आणि मेंढ्या विकण्यावर. लोकर त्याच्यासाठी कमाई नाही, खर्च आहे. वर्षातून दोनदा कातरावीच लागते, कातरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते, आणि निघालेला ढीग कोणी व्यापारी आला तर मिळेल त्या भावात द्यायचा, नाही आला तर बांधावर फेकायचा. ज्या समाजाच्या बायका अजून काळ्या लोकरीची ओढणी डोक्यावर घेतात, कच्छात जे लोक आपली लोकर वणकरांना देऊन त्यांच्याकडून कपडा विणून घ्यायचे, त्यांच्याच तळावर लोकर पायाखाली पडलेली पाहिली. भाव विचारला तर म्हातारा हसला. "ले जाओ बेन, यहाँ तो पड़ा ही रहता है."

फुकट आणली नाही. फुकट आणलेल्या मालाबद्दल पुढच्या वेळी काही मागता येत नाही, आणि मला मागायचं होतं. किलोला चाळीस रुपये ठरवले, व्यापारी द्यायचा त्याच्या बऱ्याच वर, पण तीन अटींवर. कातरायच्या आधी मेंढ्या कालव्यात धुऊन काढायच्या आणि वाळू द्यायच्या. पोटाची आणि शेपटीकडची लोकर वेगळ्या पोत्यात भरायची. आणि पाठीवर रंगाची खूण करायची नाही. ही तिसरी अट पटवायला सर्वांत जड गेली. कळप एकमेकांत मिसळतात म्हणून पाठीवर ऑइलपेंटचा पट्टा मारायची पद्धत आहे. तो पेंट कशानेही निघत नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो, आणि लोकर सगळ्यांत चांगली असते ती नेमकी खांद्याची आणि पाठीची. शेवटी खूण डोक्यावर करायची असं ठरलं. आता काही कळपांत करतात, काहींत नाही करत. ज्यांच्यात नाही करत त्यांचा माल कमी भावात घेते.

काळी लोकर वेगळ्या वाटेने येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार मेंढपाळ अजून घोंगडी विणतात, त्यांच्याकडून. ते चांगली लोकर स्वतःच्या घोंगडीला ठेवतात आणि उरलेली आपल्याला देतात. बरोबरच आहे त्यांचं.

आता या लोकरीचा स्वभाव सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरलं. भारतात निघणाऱ्या लोकरीतली सुमारे ८५ टक्के गालिच्याच्या दर्जाची असते. कपड्याजोगी जेमतेम ५ टक्के. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मेरिनो म्हणून दुकानात जे मऊ मऊ मिळतं ते २४ मायक्रॉनच्या आतलं, बहुतेक ऑस्ट्रेलियातून आलेलं. तंतू साधारण ३० च्या वर गेला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं, आणि आपण म्हणतो लोकर टोचते. बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला लोकरीची ॲलर्जी आहे. बहुतेक वेळा ॲलर्जी वगैरे काही नसते, तंतू जाड असतो एवढंच. कुरमारांकडची दख्खनी काळी लोकर या रेषेच्या पलीकडची, वर तिच्यात केसही मिसळलेले. रबाऱ्यांची पांढरी थोडी बरी, पण तीही गळ्याला बांधण्यातली नव्हे.

पहिलं पोतं घरी आलं तेव्हा बाबा दारातच उभे राहिले. "हे काय आणलं बेटा? अख्ख्या घराले बकऱ्याचा वास येऊन राह्यला."

"बकरीचा नाही बाबा, मेंढीचा."

"मेंढीचा असो का उंटाचा, हे धुणार कोन?"

धुणार मी आणि सासूबाई. आणि या कामाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण लोकरीच्या कपड्यांबद्दल वाचायला गेलं की सगळे विणण्याबद्दल लिहितात. खरं काम विणण्याच्या कितीतरी आधी असतं.

आधी निवडणं. अंगणात जुनी साडी पसरायची आणि मूठमूठ लोकर हाताने मोकळी करायची. गोखरू, कुसळं, वाळक्या काड्या, लेंड्या. दिवाळीनंतरच्या कातरणीत गोखरू फार असतं, कारण पावसाळ्यात माजलेलं गवत तोवर बी धरून वाळलेलं असतं. उन्हाळ्याआधीच्या कातरणीत धूळ जास्त, पण धूळ पाण्याने जाते, गोखरू जात नाही. मोठ्या गिरण्यांमध्ये लोकर पातळ गंधकाम्लातून काढून तापवतात. त्यात काडीकचरा जळून त्याचा भुगा होतो आणि तो झटकला जातो. घरात चार वर्षांचं पोर असताना मला आम्लाचे कॅन आणायचे नव्हते. म्हणून बोटं. शेजारच्या दोन बाया दुपारी येतात. टीव्हीवर मालिका चालू असते आणि किलोच्या हिशेबाने पैसे मिळतात. कात्री एकाच जागी दोनदा चालली की अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात. तेही याच वेळी झटकून काढायचे, नाहीतर कपड्यावर पुढे गोळे येतात.

मग धुणं. सुरुवातीला नुसतं गार पाणी, रात्रभर. सकाळी ते पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. त्यात मेंढीचा घाम उतरलेला असतो आणि त्या घामात पोटॅशचे क्षार भरपूर असतात. म्हणून ते गटारात जात नाही, झाडांना जातं. आमच्या दारातल्या लिंबाला त्या पाण्याने जे बाळसं धरलंय ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं पाणी गरम, साधारण साठ अंशांचं, त्यात रात्री भिजवून उकळलेल्या रिठ्याचं पाणी. सोडा चालत नाही, डिटर्जंटही नाही. लोकर म्हणजे केस, खाराने तिची वाट लागते. लोकर कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत सैल भरायची, पाण्यात अलगद बुडवायची आणि हात काढून घ्यायचा. हे सांगायला सोपं आहे. आयुष्यभर कपडे चोळून-पिळून धुतलेल्या बाईला समोर मळकं पाणी दिसत असताना हात न लावता उभं राहणं म्हणजे शिक्षा. सासूबाई पहिल्यांदा पदर खोचून काठी घेऊन आल्या होत्या, ढवळायला. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खवले एकमेकांत अडकतात आणि त्याचं नमदं, म्हणजे घट्ट जमलेला गठ्ठा होतो. मग ते सुटत नाही. तसंच गरमातून काढून एकदम गार पाण्यात टाकली तरी आखडते. खंगाळायचं पाणीही तेवढंच कोमट लागतं.

एवढं गरम पाणी आणायचं कुठून? गॅसवर करायला बसलो तर लोकरीपेक्षा सिलिंडर महाग. आमच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर होता, आंघोळीसाठी बसवलेला. नागपूरच्या उन्हाचा आजवर कोणाला फायदा झाला असेल तर तो आम्हाला. एप्रिल-मेमध्ये त्यातून येणाऱ्या पाण्यात उलट गार पाणी मिसळावं लागतं. म्हणून सगळी धुलाई होळी ते पहिला पाऊस एवढ्या काळात उरकायची, दिवाळीनंतरची पोतीसुद्धा तोवर ठेवून. वाळवणं सावलीत, गच्चीवरच्या खोलीत बाजेवर. ओलसर लोकर पावसाळ्यात ठेवून पाहायची हिंमत करू नये. पोत्यात गेलेल्या लोकरीतली निम्मीच्या वर हाताशी येते, बाकी माती, घाम, चरबी आणि काड्या.

पिंजण्याचं थोडक्यात सांगते. नागपुरात गाद्या पिंजणारे पुष्कळ, पण कापसाच्या मशीनमध्ये लोकर घातली की दातांना चरबी लागते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कापसाला वास येतो. एकाने एकदा करून दिलं आणि हात जोडले. आता तारेच्या दातांचा हाताने फिरवायचा ड्रम आहे, त्यावर थर काढतो.

कातायला वर्ध्याकडच्या ताया भेटल्या. सेवाग्रामचा परिसर असल्यामुळे तिकडे चरखा माहीत असलेल्या बाया अजून आहेत, पण सगळ्यांचा हात सुताचा. कापसाचा तंतू आखूड, त्याला पीळ भरपूर लागतो. लोकरीचा तंतू त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, त्याला तेवढा पीळ दिला की धागा चऱ्हाटासारखा होतो. चातीवरची, म्हणजे चरख्याच्या फिरत्या दांडीवरची, पुली मोठी बसवली, चात सावकाश फिरायला लागली, तेव्हा कुठे धाग्यात जीव आला. तरी हात बसायला वेळ गेला. त्यांच्यातल्या एका ताईंनी शोधून काढलं की पेळूला बोटभर करडीचं तेल चोळलं की केस उडत नाहीत. दोन धागे उलट पिळाने एकत्र करून दुपदरी धागा होतो. एकपदरी धाग्याचा कपडा एका बाजूला तिरका ओढला जातो, दुपदरी सरळ राहतो. लड्या करून कोमट पाण्यात भिजवायच्या आणि खाली वजन टांगून वाळवायच्या.

इथवर सगळं बायकांचं राज्य होतं. बाबा लांबून बघत होते. धागा शंकूसारख्या कोनावर भरून खाली आला आणि ते उठले.

आमच्या मशीन शाळेच्या स्वेटरच्या, बारीक गेजच्या. त्यांच्या सुयांच्या हुकात हा धागा मावतसुद्धा नाही. लुधियान्याहून जुनी पाच गेजची, म्हणजे इंचाला पाच सुयांची, हातमशीन मागवली. ती ट्रान्सपोर्टने आली तेव्हा गंजलेली होती. बाबांनी ती सुईसुई काढून रॉकेलमध्ये बुडवली, घासली, पुन्हा बसवली. दोन वर्षांत त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

हातकताईचा धागा कुठे जाड, कुठे बारीक. जाड जागा आली की सुईची झडप बंद होत नाही, टाका सुटतो किंवा सुई मोडते. ॲक्रिलिकवर मशीनची गाडी, म्हणजे सुयांवरून सरकवायचा भाग, सर्रकन इकडून तिकडे जाते. इथे बाबा एक हात गाडीवर ठेवतात आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वरून येणाऱ्या धाग्यावर. धागा बोटांतून सरकताना गाठ लागली की गाडी थांबते, गाठ हाताने पलीकडे नेली जाते, मग गाडी पुढे. बोटांत मेणाचा खडाही धरलेला असतो, म्हणजे धाग्याला जाता जाता मेण लागतं आणि सुईशी घासणं कमी होतं. खाली कपड्याला कंगवा आणि वजनं टांगलेली. ॲक्रिलिकपेक्षा वजन कमी ठेवावं लागतं, नाहीतर बारीक जागी धागा तुटतो. बाबांना नजरेने आता नीट दिसत नाही. हे काम ते बोटांनी आणि कानांनी करतात. सुई मोडायच्या आधी गाडीचा आवाज बदलतो म्हणे. मला अजून तो ऐकू आलेला नाही. आमच्या तरुण कारागिराला हे जमत नाही आणि तो शिकायलाही तयार नाही. त्याचं म्हणणं, या एका जाकिटाच्या वेळेत माझे शाळेचे सहा स्वेटर निघतात. तोही चुकीचं बोलत नाही.

तर मुख्य अडचण. पहिले नग आम्ही स्वेटरच विणले, गोल गळा, पूर्ण बाही, बनियनवर घालायचे. नवऱ्याने एक घातला आणि अर्ध्या तासात उतरवला. मग मऊ करायच्या मागे लागलो. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पाहिलं, केसांचं कंडिशनर लावून पाहिलं. कोणीतरी सल्ला दिला मेरिनो मिसळा, कोणी म्हणालं ॲक्रिलिकच मिसळा, कोणाला कळतंय. मेरिनो मिसळायची म्हणजे समुद्रापलीकडची लोकर आणून गावची लोकर म्हणून विकायची. आणि ॲक्रिलिक मिसळायचं तर खालच्या मजल्यावर तेच चाललं होतं, एवढा उपद्व्याप कशाला?

सुटका सासूबाईंच्या बोलण्यातून झाली. त्या म्हणाल्या, घोंगडी कोणी उघड्या अंगाला लावून घेतं का? वावरात राखणीला जाणारा माणूस सदऱ्यावरून पांघरतो. पाऊस आला तरी वरच्या वर झेलते, थंडी आत येत नाही, काट्याला अडकून फाटत नाही. जाड आहे म्हणूनच तर हे होतं.

तेव्हापासून आम्ही स्वेटर करत नाही, जाकीट करतो. समोरून उघडं, शर्टावर किंवा कुर्त्यावर घालायचं. बाही हवी असेल तर कोपरापर्यंत सैल. जिथे कातडीला लागेल तिथे, म्हणजे कॉलर, गळपट्टी आणि बाहीचं तोंड, आतून सुती खादीचं अस्तर. कानटोपीलाही आतून अस्तर. मफलर मागणाऱ्याला नाही म्हणतो. मागणी बरीच असते, तरी नाही म्हणतो.

आणि ज्या नमद्याची धुताना भीती, तेच इथे मुद्दाम करतो. विणलेला कपडा मशीनवरून उतरतो तेव्हा ढगळ असतो, टाक्यांमधून उजेड दिसतो. सासूबाई त्यावर पांढऱ्या सुती दोऱ्याने दहा इंचांची चौकट टाचून घेतात. सुती दोरा आटत नाही, सैल पडतो, म्हणून त्यावरून लोकर किती आटली ते दिसतं. मग मोठ्या परातीत गरम पाणी, रिठा, आणि कणीक तिंबतात तसं दोन्ही तळव्यांनी तिंबायचं. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग एकदम हाताला कळतं, कपडा घट्ट व्हायला लागतो, टाके एकमेकांत बसतात. तिथून पुढे दर दोन-चार मिनिटांनी पट्टी लावून मोजायचं. दहाचे साडेआठ झाले की थांबायचं, गार पाण्यात टाकायचं. थोडं जास्त झालं की पाठ अरुंद होते आणि ते जाकीट मग पोराचंच. या आटण्याचा हिशेब बाबा विणतानाच धरतात. कागदावर नाही, त्यांच्या डोक्यात, त्यामुळे ते आजारी पडले की काम थांबतं. मी आता वहीत लिहून घ्यायला लागलेय, पण पांढऱ्या आणि काळ्या लोकरीचं आटणं वेगळं, त्यातही तळागणिक वेगळं.

रंगाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. लोकांना संत्र्याच्या सालीचा रंग हवा असतो, नागपूर म्हटल्यावर. करून पाहिला. तुरटीच्या पाण्यात उकळलेल्या लोकरीवर फिकट पिवळट छटा येते, त्यासाठी पोतंभर साली लागतात, आणि सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. पळसाची फुलं फाल्गुनात गोळा करून वाळवून ठेवते. त्याचा पिवळा सुंदर येतो, पण उन्हात टिकत नाही, आणि आमच्याकडे ऊन किती ते काय सांगू. खरा रंग लाखेचा. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख धरतात. त्या लाखेतून निघणारा लाल लोकरीला असा घट्ट धरतो की धुतल्यावर पाणी स्वच्छ राहतं. सुताला तो एवढा धरत नाही. हिरड्याच्या पाण्यात बुडवून मग हिराकसाचं पाणी दिलं की राखाडी येतो. पण माझं ऐकाल तर काळ्या मेंढीचा काळा आणि पांढरीचा पांढरा, मधे दोन्ही पिंजून केलेला करडा. रंगवायचं पाणी वाचतं, लाकूड वाचतं, आणि त्या काळ्यात जो तपकिरी झाक मारतो तो कुठल्या भट्टीतून येत नाही.

आता पैसे. लोक लोकरीचा भाव ऐकतात आणि जाकिटाची किंमत ऐकतात आणि त्यांना वाटतं आम्ही लुटतो. एका जाकिटाला सव्वा किलोच्या आसपास कच्ची लोकर जाते, म्हणजे पन्नास रुपये. निवडणं, धुणं आणि पिंजणं मिळून अडीचशे. कातणं आणि दुपदरी करणं, सातशे. विणणं आणि जोडणं चारशे. तिंबणं, अस्तर, करवंटीची बटणं, तीनशे. मोडलेल्या सुया, बिघडलेले नग, पेट्रोल वेगळं. विकतो अठ्ठावीसशेला. शाळेचा स्वेटर अडीचशेत जातो आणि त्यात चाळीस सुटतात, पण ते शेकड्यांनी जातात. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर बाबांना विचारलं, लोकरीचं बंद करायचं का? ते म्हणाले, "मशीन साफ केली ना मी, आता बंद काहून करू?" तेव्हा दोन्ही चालू आहे. घराचं वीजबिल आणि पोराची फी ॲक्रिलिकवर निघते, हे लपवायचं कारण नाही. आमच्या जाकिटावरच्या चिठ्ठीवर "पर्यावरणपूरक" असं छापत नाही. लोकर कुठून आली, कोणत्या तालुक्यात कातली, कशाने रंगवली एवढं लिहितो. बाकी घेणाऱ्याने ठरवावं.

विक्री मुख्यतः डिसेंबरात. शहरात तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागतो, तिथला भाव हाच लोकांच्या डोक्यात असतो. आमची गिऱ्हाइकं वेगळी. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून आलेली माणसं, कारण त्यांनी जाडं काही आणलेलंच नसतं आणि सकाळी सातला विधानभवनाकडे निघताना दात वाजतात. शिवाय पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जाणारे, आणि आता मेळघाट-ताडोब्याला उघड्या जीपमधून जाणारे. त्यांना सगळ्यात उपयोग. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पिते तरी ओली लागत नाही, त्यामुळे दवात बसलेल्या माणसाला गारठा कळत नाही.

पुष्कळ जण शंका काढतात, हे खरंच लोकर आहे कशावरून? काउंटरवर काडेपेटी ठेवलेली आहे. शाळेच्या स्वेटरचा एक धागा आणि जाकिटाचा एक धागा. ॲक्रिलिक भस्सकन पेटतं, वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. लोकर पेटायला कुरकुरते, काडी बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेलं बोटांत चुरगळलं की राख. नवऱ्याला हा प्रयोग करायला फार आवडतं. दुकानात दिवसभर तो वास असतो.

विकल्यानंतर फोन येतात ते धुण्याचे, म्हणून तेही लिहून टाकते. मशीनमध्ये टाकू नका, सासूबाई परातीत जे मोजूनमापून करतात ते मशीन न मोजता करेल. खरं तर धुवायची गरजच कमी पडते. रात्रभर गच्चीत सावलीला पसरलं की वास जातो. डाग पडला तर तेवढाच भाग गार पाण्याने पुसा. धुवायचंच तर गार पाणी आणि रिठा, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. हँगरला लटकवलं की खांदे ओघळतात. फेब्रुवारीत कपाटात टाकताना कडुलिंबाचा पाला घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, अंधारात लागते, आणि मळक्या जागी आधी लागते. मे महिन्यात एकदा काढून काळ्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि दुपारभर गच्चीवर ठेवा. बाकी शहरांचं सांगत नाही, नागपुरात कसर त्यातून वाचत नाही. कुठे भोक पडलंच तर घेऊन या, त्याच तळाच्या लोकरीने रफू करून देतो, पैसे घेत नाही. फक्त डिसेंबरात आणू नका, तेव्हा हात रिकामा नसतो.